घरी बनवलेली फ्लोटिंग शेल्फं भिंतीला कशावर लटकवलीत? अनुभव सांगा

मंडळी, परवा रात्री दीडला धाडकन आवाज आला. चोर म्हणून नवरा बॅट घेऊन उठला, बघतो तर मी हौसेने बनवलेलं फ्लोटिंग शेल्फ (खाली आधार न दिसणारी फळी) जमिनीवर, दिवाळी अंक पसरलेले आणि आजीचा पितळी डबा चेपलेला. फळी शाबूत हां, 19 एमएमचा प्लाय, पॉलिशला ओरखडा नाही. पण चारही प्लग (स्क्रूसाठी भोकात ठोकतात त्या प्लास्टिकच्या नळ्या) स्क्रूसकट बाहेर, आणि त्यांना नुसती करडी पावडर चिकटलेली, विटेचा लाल कण औषधाला नाही. प्लग इंचभर लांबीचे, आमच्या जुन्या बिल्डिंगचा गिलावा त्याहून जाड, म्हणजे तीन वर्षं सगळं गिलाव्यावरच लोंबत होतं! दुकानदार म्हणालेला, "ताई, हेच चालतं सगळीकडे." आता परत लावायचंय. कुठली भिंत, काय वापरलंत, टिकलं की पडलं ते लिहा. फजिती आधी लिहा, ती जास्त कामाची.

---

आमची विटांची भिंत. आत सळया जाणारं छुपं ब्रॅकेट वापरलं, म्हणजे लोखंडी पट्टी भिंतीला आणि तिला वेल्ड केलेल्या 12 एमएमच्या दोन सळया फळीत घुसतात. वजन किती हे बघू नका, ते भिंतीपासून किती लांब आहे ते बघा. 10 इंच खोल फळीवर 10 किलो पुस्तकं ठेवली की भार साधारण 5 इंचावर येतो, आणि पट्टीची उंची जेमतेम दीड इंच, त्यामुळे वरच्या स्क्रूंना भिंतीतून उपटणारा ओढा तीस-पस्तीस किलोचा होतो. मी हे फळी पडल्यावर शिकलो. आता 10 एमएमचं भोक, 80 एमएमचा नायलॉन प्लग, भोकातली धूळ फुंकून काढलेली (डोळे मिटून फुंका, अनुभवाचे बोल). आणि हो, भोक विटेत पडू दे, दोन विटांच्या मधल्या सांध्यात नको.

---

एएसी ब्लॉकवाले (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक) इथे कोणी? भोक पाडताना पांढरी पावडर येते आणि ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं जातं, ती भिंत. मी शहाणपणा करून लोखंडी अँकर फास्टनर मारला, म्हटलं सगळ्यात दणकट तोच. नट आवळत गेलो, आवळत गेलो, तो घट्टच होईना, आणि शेवटी ब्लॉकचा वाटीएवढा तुकडाच हातात. फास्टनर फुगून भिंतीला दाबतो ना, इथे दाबायला घट्ट काही असावं तर लागतं! मग एएसीसाठीचे लांब प्लग आणले, ड्रिलचा हॅमर मोड (फिरता फिरता ठोके देणारा) बंद ठेवला, आणि भोक एक साइज लहान. त्यावर कुंड्या आहेत. पुस्तकं ठेवायची माझी अजून हिंमत नाही.

---

आमच्याकडे उलटं. मायवानची (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली) बिल्डिंग, सगळ्या भिंती काँक्रीटच्या. घरगुती ड्रिलने अर्धा तास घासलं, पाव इंच भोक आणि बिटाचं टोक निळं. शेवटी रोटरी हॅमर भाड्याने आणला, दोन मिनिटांत काम. मध्ये सळई लागली तर हट्ट करू नका, दोन इंच सरका.

---

कोकणातलं घर, जांभ्याचे चिरे. चिऱ्याला मुळातच भोकं असतात, प्लग कधी घट्ट बसतो कधी आतच गायब होतो. काकांनी सरळ लाकडी गिट्ट्या ठोकल्या जुन्या पद्धतीने, पावसाळ्यात फुगल्या, उन्हाळ्यात सुकल्या, दिवाळीपर्यंत फळी डुगडुगायला लागली. मग केमिकल अँकर केला, भोकात इपॉक्सी भरून आत आट्यांचा रॉड, एक दिवस हात लावायचा नाही. महाग पडतं पण चालतं. काका अजून म्हणतात गिट्टीच बरी होती.

---

न्यू जर्सीहून. इथे भिंत म्हणजे अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड, मागे पोकळ. लाकडी स्टड साधारण दर 16 इंचांवर, त्यात स्क्रू गेला तर कुठल्याही प्लगची गरज नाही. स्टड शोधायला फ्रीजचा मॅग्नेट फिरवते, बोर्डाच्या स्क्रूवर तो चिकटतो. सासूबाई आल्यावर मला भिंतीवर मॅग्नेट फिरवताना बघून काही बोलल्या नाहीत, पण नजर कळली.

---

सगळे भिंतीचंच बोलताय, फळीतल्या भोकांचं कोणी बोलेना. सळईचं भोक हाताने तिरकं गेलं की शेल्फ पुढे नाक खाली करून बसतं, माझ्या शेल्फवरून पेन घरंगळायचं. आता भोकाच्या भानगडीतच पडत नाही, फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपची फ्रेम भिंतीला आणि वरून प्लायचा पोकळ खोका मोज्यासारखा चढवायचा. जाड दिसतं, पण सरळ.

---

स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर-खाली ड्रिल मारू नका. आमच्या मजल्याची लाइट गेली होती.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. आज मुद्दाम खोल भोक मारून बघितलं, आधी करडी, मग लालभडक पावडर, म्हणजे वीट आहे, 80 एमएमवाले आणतेय. पण नवरा म्हणतो शेल्फ राहू दे, आधी आजीच्या डब्याचा पोचा कोण काढेल ते विचार.

---

पुण्यात असाल तर तांबट आळीत न्या. कल्हईही करून घ्या.