नववीत ऑटोमोबाईल विषय घेऊ द्यायचा का?

दहाबाराचा पाना: पोरगा नववीत जातोय, शाळेत एका विषयाच्या जागी ऑटोमोबाईल घेता येतं, त्या एनएसक्यूएफमधलं, म्हणजे सरकारच्या कौशल्य शिक्षणाच्या आराखड्यातलं. बायको म्हणते घेऊ दे, आमचे तीर्थरूप म्हणतात गॅरेजातच धाडायचा होता तर एवढी फी कशाला भरलीस. माझं मत, घ्यावं. आमच्या पिढीला साधा फ्यूज बांधता येत नाही आणि चाललेत एआय शिकायला.

निवृत्त खडू: विरोध. तीस वर्षं शिकवलंय, आतलं सांगतो. असला विषय कुणाला द्यायचा ते मार्क बघून ठरतं, गणितात गटांगळ्या खाणारी आणि ज्यांचे आईबाप शाळेत भांडायला येणार नाहीत अशी पोरं तिकडे. १९८६च्या शिक्षण धोरणात १९९५पर्यंत अकरावी-बारावीची २५ टक्के पोरं व्यवसाय शिक्षणाकडे न्यायची होती. झालं? एमसीव्हीसीचा, म्हणजे अकरावी-बारावीच्या व्यवसाय कोर्सचा फॉर्म लोक सायन्स-कॉमर्सला नंबर नाही लागला तरच भरायचे.

तारतम्य: सर, मी तोच एमसीव्हीसीवाला, इलेक्ट्रिकल. नंबर न लागलेलाच, कबूल 😀 पण बारावीनंतर ॲप्रेंटिसशिप केली, स्टायपेंड मिळाला, मग डिप्लोमाला डायरेक्ट सेकंड इयर. आज पॅनल बनवायचं छोटं वर्कशॉप आहे, चार पोरं कामाला. सायन्स घेतलेले माझे दोन मित्र अजून स्पर्धा परीक्षाच देतायत.

निवृत्त खडू: तुमचं कौतुकच, पण एका उदाहरणावर धोरण नाही ठरत. स्वतःच्या मुलाला घालाल का एमसीव्हीसीला? खरं सांगा.

तारतम्य: ...बायकोला विचारावं लागेल.

शेणखत: दोघंही व्यवसाय शिक्षण म्हणजे नोकरी एवढंच धरून चाललाय. डॉ. कलबागांनी १९८३मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम काढला, तिथला आयबीटी (मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) कोर्स आमच्या शाळेत होता. आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक-आरोग्य सगळं, मुलगा मुलगी सगळ्यांना. शिकवायला गावातलाच वेल्डर. गेटची चौकट केली तेव्हा कर्ण जुळेना, तिथे पायथागोरस डोक्यात शिरला, फळ्यावर दोन वर्षं शिरला नव्हता. मी पुढे बीएस्सी ॲग्री केलं, वेल्डिंगची नोकरी वगैरे काही नाही.

निवृत्त खडू: सगळ्यांना असेल तर माझा विरोधच नाही हो, हेच सांगतोय! २०२०चं धोरणही सहावीपासून सगळ्यांना म्हणतं. पण आमच्याकडे ट्रेनर कंत्राटी, पगार चार चार महिने थकलेला, दिवाळीनंतर आलाच नाही. इंजिनाचं मॉडेल कपाटात, वर प्लास्टिक तसंच, तपासणीला साहेब आले तेव्हा काढलं. पोरांनी आकृत्या काढल्या, प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मार्क.

दहाबाराचा पाना: हे मात्र डोक्यात नव्हतं. सोमवारी जाऊन आधी लॅब बघतो.

शेणखत: पोरांचे हात बघा. ग्रीस दिसलं तर फॉर्म भरा.