आर्बर प्रेसवर मुठीचे रिव्हेट दाबताना लाकूड चिरतंय, कुठं चुकतंय?

कोयता_सातारा:
नमस्कार मंडळी. आमची पिढीजात लोहारशाळा, बाबा विळे, खुरपी, कोयते करायचे, मी ३ वर्षं झाली त्याच जागेत स्वयंपाकाच्या सुऱ्या करतोय. स्टील ट्रकच्या कमानपाट्याचं, मूठ शिसवाची. आत्तापर्यंत पितळेची तार घालून दोन्ही बाजूंनी हातोडीनं बारीक बारीक ठोकून रिव्हेट करायचो, काम पक्कं व्हायचं पण एका मुठीला अर्धा तास जायचा. म्हणून मागच्या महिन्यात १ टनी आर्बर प्रेस, म्हणजे दांडा ओढून दाब द्यायचा हातप्रेस, घेतला आणि दोन तुकड्यांचे पितळी रिव्हेट आणले, म्हणजे एका तुकड्याला नळी आणि दुसऱ्याची दांडी त्यात घट्ट जाऊन बसते ते. ५ सुऱ्यांपैकी २ मुठी चिरल्या. चीर प्रत्येक वेळी मागच्या रिव्हेटपासून निघते आणि रेषेरेषेनं मुठीच्या टोकाकडं जाते. शेवटच्या दाबाला कट्ट असा आवाज येतो की संपलं. दोन दिवस पात्यावर घालवलेले असतात, फार जिवाला लागतं.
अजून एक, याच प्रेसवर पात्यावर नावाचा ठसा मारता येईल का आणि वाकडं पातं सरळ करता येईल का?

टूलरूम_भोसरी:
दादा आधी एक काम करा, चिरलेली मूठ टाकू नका, हॅक्सॉनं रिव्हेटच्या बरोबर मधून कापा आणि आत काय झालंय ते बघा. माझा अंदाज असा की दांडी नळीच्या तळाला टेकतेय. दांडी लांब असली की लाकूड आवळायच्या आधीच ती तळाला लागते, पुढं तुम्ही जो जोर लावता त्याला जायला जागाच नसते, मग नळी फुगते आणि लाकूड आतून फाडते. हातोडीनं ठोकताना हे हाताला कळतं, प्रेसवर कळत नाही, कारण हिशेब बघा, पिनियनची, म्हणजे दांड्यानं फिरणाऱ्या दातेरी चाकाची, त्रिज्या २० मिमी आणि दांडा ४०० मिमी धरला तर २० पट, तुम्ही ५० किलोनं ओढलं की खाली १००० किलो. एवढ्या जोरापुढं शिसव काय टिकणार.
दुसरं, रॅम, म्हणजे खाली येऊन दाबणारा खांब, किती हलतोय ते तपासा. बेडवर गुण्या उभा करून रॅमला लावा आणि दांडा फिरवत वरखाली करून फट दिसते का बघा. नव्या प्रेसमधेही गिब, म्हणजे रॅमला बाजूनं धरणारी पट्टी, ढिली असते, बाजूचे स्क्रू थोडे थोडे आवळा, रॅम हातानं सरकला पाहिजे पण डुलता कामा नये. रॅम तिरका असला तर रिव्हेटचं डोकं एका कडेवर दाबलं जातं, चीर तिथूनही निघते.

मूठकाम:
वरचं बरोबर आहेच, लाकडाकडंपण बघा. डोक्याच्या मापाचं भोक वेगळं आणि नळीच्या मापाचं वेगळं पाहिजे, डोकं ८ मिमी असेल तर त्याचा खड्डा ८ चाच, आणि तेही सुट्या तुकड्यात मारून कॅलिपरनं मोजून मगच मुठीत मारा, कारण ड्रिलचं पान बोथट असलं की भोक लहान किंवा तिरपं येतं आणि डोकं पाचरीसारखं शिरतं. मागचा रिव्हेट टोकाच्या फार जवळ घेऊ नका, मी निदान २० मिमी सोडतो. आणि मूठ धरून ठेवायचं काम इपॉक्सीचं, इपॉक्सी लावून क्लॅम्प करा आणि मग रिव्हेट हलकेच बसवा, लाकूड ओढून जवळ आणायला प्रेस वापरू नका.

जुनी_ऐरण:
ठशाबद्दल सांगतो. तुमच्या १ टनी आर्बरवर ठसा उठणार नाही, उठला तरी अर्धवट. त्याला फ्लाय प्रेस पाहिजे, तो दाबत नाही, फटका देतो. वरचं जड चाक किंवा गोळे फिरवून जेवढी ताकद साठवली ती सगळी रॅम जितक्या कमी अंतरात थांबेल तितक्या जोरात उतरते, म्हणून ठसा एका फटक्यात स्वच्छ येतो. मात्र भंगारातला पाटा कडक असतो, तो आधी लाल करून राखेत पुरून रात्रभर ठेवा, नाहीतर ठशाचीच अक्षरं चेपतील. ठसा पाणी द्यायच्या, म्हणजे पातं तापवून बुडवून कडक करायच्या, आधी, धारेचा उतार काढायच्याही आधी, सपाट पट्टीवर मारा. अक्षरांभोवती धातू थोडा वर येतो तो कानसीनं काढून टाका. आणि फटका मारल्यावर दांडा उसळून परत येतो, तो हातात धरून ठेवा, सोडला तर दुसरा ठसा पहिल्यावर सावलीसारखा बसतो.
फ्लाय प्रेस घेतलात तर फिरणाऱ्या गोळ्यांच्या घेऱ्यात कुणाचं डोकं येणार नाही अशी जागा निवडा, हे मी कळकळीनं सांगतोय, लोहारशाळेत पोरंबाळं येतजात असतात. आणि पाया काँक्रीटमधे घ्या, लाकडी टेबलावर बसवला तर अर्धा फटका टेबलच खातं.
पातं सरळ करायला मात्र तुमचा आर्बरच चांगला, फटका तिथं अजिबात नको. पाणी दिलेलं पातं टेंपर केल्याशिवाय, म्हणजे हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा कमी केल्याशिवाय, प्रेसखाली घालू नका, काचेसारखं तुटतं. ओव्हनमधे २०० अंशाला तासभर ठेवा, बाहेर काढल्या काढल्या गरम असतानाच खाली तांब्याचे दोन तुकडे, वर मधोमध एक, आणि दांडा सावकाश ओढत सरळ रेषेच्या थोडं पुढं न्या, सोडलं की परत येतं. चष्मा आणि जाड हातमोजे घालूनच.

कोयता_सातारा:
टूलरूमवाले दादा, मूठ कापली. दांडी तळाला पूर्ण टेकलेली आणि नळी पोटात फुगून अंड्यासारखी झालीये, लाकडात तेवढीच गोल खूण आणि तिथूनच चीर सुरू. गिबही ढिली निघाली, गुण्याला वरच्या बाजूला ब्लेड जाईल एवढी फट होती, आवळली. दांड्या कानसीनं १ मिमीनं कमी केल्या, भोकं सुट्या तुकड्यात मोजून घेतली आणि काल रात्री ३ मुठी बसवल्या, तिन्ही साबूत. तो कट्ट आवाज आलाच नाही, दांडा शेवटी मऊ थांबतो. राखेतला पाटा उद्या सकाळी काढतोय. जुनी ऐरण काका, ठशाला अक्षराची उंची किती ठेवता तुम्ही, माझी पाती दीड इंच रुंद आहेत?