उसाचे पान कार्बन दोनदा का बांधते?

प्रश्न

प्रकाशसंश्लेषणाचे दोन टप्पे मला समजतात. हरितलवकातील थायलॅकॉइड या चपट्या पिशव्यांच्या पटलांवर प्रकाशाच्या ऊर्जेने पाण्याचे विघटन होते, ऑक्सिजन बाहेर पडतो आणि एटीपी व एनएडीपीएच हे ऊर्जा वाहून नेणारे रेणू तयार होतात. त्यांच्या बळावर स्ट्रोमामधील (पिशव्यांभोवतीच्या द्रवातील) केल्विन चक्र ही अभिक्रियांची साखळी कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा घडवते. गहू आणि भात हे सारे काम एकाच पेशीत उरकतात. ऊस मात्र कार्बन आधी एका पेशीत बांधतो, शेजारच्या पेशीत नेऊन सोडतो आणि तिथे पुन्हा बांधतो. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे गव्हाला तीन एटीपी लागतात, तर उसाला पाच. एवढा जादा खर्च करूनही कडक उन्हात ऊस सरस कसा ठरतो?

प्रतिसाद 1

गव्हाचे तीन एटीपी हा कागदावरचा हिशेब आहे. केल्विन चक्रात कार्बन डायऑक्साइड पकडणारे रुबिस्को हे विकर (एन्झाइम) अतिशय संथ असते. सेकंदाला जेमतेम काही रेणू त्याच्या हातून निघतात. शिवाय ते कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजनही पकडते. साधारण 25 अंश सेल्सिअसला, तीन-चार वेळा योग्य वायू पकडला गेला की एकदा ऑक्सिजन पकडला जातो, आणि तापमान वाढेल तसे हे प्रमाण बिघडत जाते. त्यातून तयार झालेले निरुपयोगी संयुग हरितलवक, पेरॉक्सिझोम आणि तंतुकणिका अशा पेशीच्या तीन भागांत फिरवून दुरुस्त करावे लागते, त्यात ऊर्जा जाते आणि आधीच बांधलेला काही कार्बनही हवेत परत जातो. ही गळती धरली, तर उन्हाळ्यात गव्हाचा खर्च कमी राहत नाही.

प्रतिसाद 2

वरील मुद्दा योग्य आहे, पण रुबिस्कोला सदोष ठरवण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे, की ते उत्क्रांत झाले तेव्हा वातावरणात ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. उसाने रुबिस्को बदललेले नाही, त्याच्याभोवतीची हवा बदलली आहे, आणि मला हीच गोष्ट फार विलक्षण वाटते. पानाच्या मधल्या भागातील पेशींत पेप कार्बोक्सिलेज हे विकर असते. ऑक्सिजनशी त्याला काही देणेघेणे नसते. ते कार्बनचे चार अणू असलेले आम्ल बनवते, त्यापासून झालेले मॅलेट शिरेभोवतीच्या पेशींत जाते आणि तिथे कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. त्या बंदिस्त जागेत त्याचे प्रमाण बाहेरच्या पेशींच्या कितीतरी पट होते, त्यामुळे रुबिस्कोला ऑक्सिजन पकडण्याची संधीच फारशी उरत नाही. जादाचे दोन एटीपी या वाहतुकीसाठी खर्च होतात. हवाईमध्ये कोर्टशाक आणि सहकाऱ्यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत किरणोत्सारी कार्बन उसाच्या पानात प्रथम मॅलेट व अ‍ॅस्पार्टेट या चार कार्बनच्या संयुगांत आढळला. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी 1966 पासून त्यामागची साखळी उलगडली.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. एक शंका उरते. शिरेभोवतीच्या पेशींतही हरितलवके आहेत, म्हणजे पाण्याचे विघटन होऊन तिथेच ऑक्सिजन तयार होणार. मग उपयोग काय?

प्रतिसाद 2

शंका अगदी नेमकी आहे. उसाच्या त्या हरितलवकांत थायलॅकॉइडच्या चळती जवळजवळ नसतात आणि पाण्याचे विघटन करणारी प्रकाशप्रणाली 2 फारच कमी असते. एटीपी तिथेच बनते, पण एनएडीपीएचचा मोठा वाटा मॅलेटमधून कार्बन सुटतानाच मिळतो.

प्रतिसाद 3

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. हे पाहायचे असल्यास उन्हात वाढलेल्या मक्याचे पान दुपारनंतर घ्यावे. मक्याची व्यवस्था उसासारखीच असते आणि पान कापायला सोपे जाते. पातळ आडवे छेद गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये रंग उतरेपर्यंत ठेवावेत (स्पिरिट थेट ज्योतीवर कधीही तापवू नये), मग आयोडीनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. प्रत्येक शिरेभोवती गडद निळे-काळे कडे दिसते, कारण स्टार्च मुख्यतः त्याच पेशींत साठतो, आणि त्याबाहेरच्या पेशी फिकट राहतात. शेजारी गव्हाच्या पानाचा छेद ठेवल्यास तिथे असे कडे आढळत नाही.