फॅरोंच्या कबरीतलं सोनं नेमकं नेलं कुणी?

माहुलीकर:
जाणकारांनी जरा सांगा. इजिप्तच्या तुतनखामेन राजाची कबर १९२२ ला सापडली तेव्हा सामानानं खच्चून भरलेली होती, मग बाकीच्या मोठमोठ्या राजांच्या कबरी रिकाम्या कशा? आमच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकच, इंग्रज-फ्रेंच आले आणि धुवून नेलं, विषय संपला. मला काय ते पटेना. आपल्याकडं सातारा साइडला पडकं देऊळ नाहीतर जुनी समाधी दिसली की गुप्तधनाच्या नादानं रात्रीचं खणणारे आपलेच असतात की.

वाईचा_वाचक:
बरोबर शंका आहे. गोरे पोचायच्या जवळजवळ तीन हजार वर्षं आधीच निम्मं काम उरकलेलं. नववा रामसेस गादीवर असतानाचे चौकशीचे पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचे दप्तर, सापडलेत, त्यात आमेनपनुफर नावाच्या पाथरवटाचा कबुलीजबाब आहे. हा आणि त्याचे साथीदार सोबेकेमसाफ राजाच्या कबरीत बोगदा पाडून शिरले, ममीच्या अंगावरचं सोनं ओरबाडलं, शवपेट्या पेटवल्या, आणि प्रत्येकाला २० देबेन सोनं आलं म्हणजे पावणेदोन किलोच्या पुढं! पुढची गंमत ऐका, हा पकडला गेला, आपला वाटा एका कारकुनाला चारला, सुटला, परत टोळीत आला आणि बाकीच्यांनी परत वाटणी करून त्याची भरपाई करून दिली. कबरी खोदणारेच असले लोक असल्यावर दार कुठंय ते बाहेरच्यानं कशाला शोधायचं.

आणि तुतनखामेनच्या कबरीतपण जुन्या काळातच चोर शिरलेले बरं का, दोनदा. थोडक्यात वाचली.

कराडचा_पाव्हणा:
हे सगळं मान्य पण म्हणून गोऱ्यांना एकदम धुतल्या तांदळाचे करू नका राव. बेल्झोनी घ्या. इटलीचा माणूस, साडेसहा फुटी धिप्पाड गडी, लंडनमध्ये डझनभर माणसं अंगावर घेऊन फिरायचे खेळ करायचा. इजिप्तला गेला तो पाशाला, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याला, पाणी उपसायचं यंत्र विकायला, ते काय खपलं नाही, मग ब्रिटिश कॉन्सुल (सरकारी प्रतिनिधी) सॉल्टसाठी मूर्ती हलवायला लागला. रामसेसचं सात टनांच्या वरचं दगडी डोकं यानंच नदीपर्यंत ओढून आणलं, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कुर्ना गावाजवळच्या भुयारांत ममींच्या ढिगाऱ्यातून सरपटताना दमून एका ममीवर टेकला तर ती खालच्या खाली चुरा झाली, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय आणि लिहिताना फार वाईट वाटलेलं काय दिसत नाही. १८३७ ला व्हाइस नावाच्या इंग्रजानं तर गिझाच्या पिरॅमिडमध्ये सुरुंगाची दारू उडवली. सोनं आधी गेलं असेल, पण उरलेलं यांनी उचललं ना? चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियाँसारख्या विद्वानानंसुद्धा सेती राजाच्या कबरीतून रंगवलेल्या भिंतीचा तुकडा कापून पॅरिसला नेला!

माहुलीकर:
सेती म्हणजे बेल्झोनीनं १८१७ ला शोधलेली तीच कबर ना? मग त्यात राजा सापडला का?

वाईचा_वाचक:
नाही, तीच तर मजा. अलाबास्टर दगडाची अप्रतिम शवपेटी मिळाली पण आत कोणी नाही. ब्रिटिश म्युझियमनं किंमत जास्त म्हणून नाकारली, १८२४ ला सोन नावाच्या आर्किटेक्टनं २००० पौंडांना घेतली. राजा मिळाला थेट १८८१ ला, लक्सरजवळच्या देर अल-बाहरीच्या एका खबदाडात, सोबत दुसरा रामसेस आणि बाकीची मंडळी. चोऱ्या फार वाढल्या म्हणून पुरोहितांनीच राजांना जुन्या कबरींतून काढून तिथं लपवलेलं, आणि हलवताना सोनंनाणं त्यांनीपण काढून घेतलं असं बरेच अभ्यासक म्हणतात. ती जागासुद्धा कुर्न्याच्या अब्द अल-रसूल घराण्याला दहा वर्षं आधीपासून माहीत होती, गुपचूप एकेक वस्तू विकत होते, भावाभावांत वाजलं तेव्हा एकानं जाऊन सांगितलं.

कराडचा_पाव्हणा:
भाऊबंदकी तिथंपण आहे म्हणायची. आणि हो, गिझालाच खाफ्रे राजाच्या पिरॅमिडमध्ये बेल्झोनी १८१८ ला शिरला, काजळीनं भिंतीवर मोठ्ठं स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्याच खोलीत आधी येऊन गेलेल्यांचा अरबी मजकूर होता. आपल्या गडांवर नावं कोरणारे बरे.

मिरज_जंक्शन:
बरे कसले, तेपण तसलेच. बाकी माहुलीकर, ते रात्री खणणाऱ्यांना सांगा, आपल्याकडच्या गुप्तधनाच्या १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांच्या वरचं काहीही पुरलेलं सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. आणि ममी बघायचीच असेल तर इजिप्तला कशाला, बडोद्याच्या म्युझियममध्ये आहे.