विषय: सिम्युलेटरच्या पडद्यावरील दोष

सप्रेम नमस्कार,

घरी तीन मॉनिटर जोडून फ्लाइट सिम्युलेटर मांडला आहे. विमान उतरवताना धावपट्टीवरचे पांढरे पट्टे दुरून लुकलुकतात, कॉकपिटमधील डिजिटल पडद्यावर उंचीचे आकडे सरकताना मागे पुसट सावली राहते, आणि उजवीकडचा मॉनिटर मधूनच दोन-तीन सेकंद काळा पडतो. ग्राफिक्स कार्ड बदलावे का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सप्रेम नमस्कार,

कार्ड बदलण्याची घाई कृपया करू नका. दोष दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या. स्क्रीनशॉट कार्डाने तयार केलेल्या चित्राचा असतो, केबल आणि मॉनिटर त्याच्या पुढे येतात; म्हणून त्यात चित्र शाबूत असेल तर बिघाड बहुधा त्या पुढच्या भागात शोधावा. काळ्या मॉनिटरसाठी त्याची आणि डावीकडची केबल दोन्ही टोकांना अदलाबदल करून पाहा.

आकड्यांची सावली डीएलएसएसमुळे (कमी रिझोल्यूशनचे चित्र एआयच्या साहाय्याने मोठे करणारी ग्राफिक्सची सेटिंग) पडत असावी, कारण ही पद्धत आधीच्या फ्रेममधील माहिती वापरून नवे चित्र घडवते आणि सरकत्या बारीक अक्षरांत जुन्याचे अवशेष राहतात. त्याऐवजी टीएए (चित्रातील कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) निवडल्यास मूळ रिझोल्यूशनवर अक्षरे बरीच स्वच्छ दिसतात, मात्र दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम कमी होतात. माझ्या मते वाचता येणारा उंचीमापक जास्त मोलाचा आहे.

धावपट्टीवरचे पट्टे नीट निरखून पाहा. बारीक कडा वळवळत असतील, तर अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (तिरक्या कोनातून दिसणारे पृष्ठभाग स्पष्ट ठेवणारी सेटिंग) 16 पट करावे. पण पट्ट्याचे तुकडेच्या तुकडे डांबराखाली जाऊन पुन्हा वर येत असतील, तर ते झेड-फायटिंग, म्हणजे जवळजवळ एकाच पातळीतल्या दोन पृष्ठभागांची पुढे दिसण्यासाठीची चढाओढ होय. कॉकपिटचे बटण डोळ्यापासून वीतभर आणि क्षितिज कित्येक किलोमीटर दूर, एवढा पल्ला डेप्थ बफरच्या (प्रत्येक बिंदू किती दूर आहे याची नोंद) मर्यादित अचूकतेत बसवताना दूरवरचे दोन जवळजवळ एकाच पातळीतील पृष्ठभाग वेगळे ओळखता येत नाहीत. अशा वेळी तो विमानतळ अॅड-ऑनमधून (सिम्युलेटरला वरून जोडलेला भाग) आला असल्यास मूळ विमानतळाशी त्याची थर-जुळणी बिघडली आहे का, हे अॅड-ऑन काढून तपासावे. एका वेळी एकच बदल करा.

सप्रेम नमस्कार,

केबलांची अदलाबदल केल्यावर डावीकडचा मॉनिटर काळा पडू लागला, म्हणजे दोष केबलचाच ठरला. टीएए निवडताच आकडेही स्वच्छ झाले. पट्ट्यांचे तुकडेच लुकलुकत होते. विमानतळाचे अॅड-ऑन काढल्यावर तेही थांबले. कार्ड बदलण्याचा विचार सोडून दिला असून नवी केबल मागवली आहे. मनःपूर्वक आभार.