वारसानं आलेली जमीन, तरी आईचा पीएम किसानचा अर्ज नामंजूर. आता काय करावं?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात आमची साडेतीन एकर कोरडवाहू शेती. कपाशी, मधे तुरीचं तास. शेत बाबांच्या नावावर होतं आणि 2019 पासून पीएम किसानचे हप्ते त्यांना बिनबोभाट येत होते. सप्टेंबर 2023 मध्ये बाबा गेले. पुढच्या जानेवारीत वारसाचा फेरफार झाला. सातबाऱ्यावर आता आई, मी आणि बहीण.

आईचा नवीन अर्ज गावातल्या ऑनलाइनवाल्याकडून भरला. पाच-सहा महिने नुसतं 'प्रलंबित', मग नामंजूर. कारण काय, तर जमीन 1 फेब्रुवारी 2019 नंतर नावावर झाली. अहो, त्याआधी होईल कशी? तेव्हा बाबा स्वतः वखर हाणत होते!

दिवाळीत घरी गेलो तेव्हा त्या पोराच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. भरलेल्या अर्जाची प्रिंट त्यानं काढून दिली. जमीन कशी मिळाली या रकान्यात त्यानं 'खरेदी' निवडलंय. म्हणे, पटकन तेच आलं. बरं, नवीन भरू म्हटलं, तर आधार आधीच नोंदलेला आहे असं दाखवतं. तलाठी म्हणतात आमचं काम फेरफारापुरतं, कृषीवाल्यांकडे जा. कृषीवाले म्हणतात जिथून भरला तिथं विचारा. यात आईच्या दोन फेऱ्या आणि एक दिवसाची वेचणी गेली. राज्य सरकारच्या नमो शेतकरी योजनेचे पैसेही यालाच जोडलेले, म्हणजे दर हप्त्याला दोन्हीकडून फटका.

विचारायचं ते एवढंच: ही चूक दुरुस्त कोण करतं? मी पुण्यात नोकरीला, आयकर भरतो. सातबाऱ्यावर माझं नाव आहे म्हणून आईचं अडेल का? आणि बाबा गेल्यावर त्यांच्या खात्यात एक हप्ता आला होता, तो अजून तसाच पडून आहे. त्याचं काय?

उत्तर

भाऊ, आमच्या काकूंचं अगदी हेच झालं होतं. ऑनलाइनवाल्याचा नाद सोडा. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या नावानं साधा अर्ज लिहा, सोबत मृत्यू दाखला, फेरफार, नवा सातबारा, आठ-अ आणि आई-बाबा दोघांचे आधार जोडा. आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय हलू नका. आमचं तिथूनच सुटलं. 2019 च्या अटीतून वारसाहक्काची जमीन वगळलेली आहे, हे अर्जात ठळक लिहा.

तुमच्या आयकराचा संबंध नाही. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. तुम्ही सज्ञान, म्हणजे वेगळे. तुम्हाला स्वतःला मात्र मिळणार नाही.

बाबांचा तो हप्ता खर्चू नका. पोर्टलवर परताव्याची सोय आहे, परत करून पावती ठेवा. आईंचा फार्मर आयडी काढला का? नसेल तर तोही उरकून घ्या. आणि पैसे आधारला जोडलेल्या खात्यात पडतात, पासबुक कोणतंही दिलं तरी. काकूंचे दोन हप्ते पोस्टाच्या विसरलेल्या खात्यात निघाले.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे दादा. पोस्टाचं खातं आईचंही आहे! सोमवारी बहिणीला घेऊन जायला सांगतो. आयडी शिबिरात काढलाय. शिक्का मिळाला की इथं कळवतो.