डायलिसिसवर अँटिऑक्सिडंट गोळ्या: द्याव्यात की नाही?

मूत्रमित्र
रक्त डायलायझरच्या (रक्त गाळणाऱ्या नळकांड्याच्या) पडद्याला लागले की पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजनच्या रेणूंचा मारा, वाढतो. त्याच वेळी युरियाबरोबर क जीवनसत्त्वही वाहून जाते. मग भरून का काढू नये? २००० सालच्या स्पेस चाचणीत हृदयविकार असलेल्या १९६ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज ८०० युनिट ई जीवनसत्त्व दिले. हृदय-रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना त्यांच्यात १६ टक्के, बाकीच्यांत ३३.

तिसरी_शिफ्ट
मृत्यूंचा आकडा का गाळलात? त्यात लक्षणीय फरक नव्हता. शिवाय ई स्निग्धात विरघळते, डायलिसिसमध्ये धुऊन जात नाही. मग भरून काय काढताय? २०१४ च्या पाथ चाचणीत ३५३ रुग्ण होते. सहा महिने रोज ६६६ युनिट मिश्र टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्वाचीच रूपे) आणि ६०० मिग्रॅ अल्फा लिपोइक आम्ल (आणखी एक अँटिऑक्सिडंट) देऊनही रक्तातले दाहाचे निर्देशक सीआरपी आणि आयएल-६, तसेच ऑक्सिडेटिव्ह ताणाचा निर्देशक आयसोप्रोस्टेन जिथल्या तिथे.

मूत्रमित्र
रक्तातले आकडे हलले नाहीत म्हणून झटके टळत नाहीत, असे होत नाही. झटके मोजायला सहा महिने अपुरेच.

मोजूनमापून
ई वर भांडताय, पण घोळ होतो तो क मध्ये. केडीओक्यूआयच्या (मूत्रपिंडविकारांवरच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांच्या) २०२० च्या शिफारशीत पुरुषांना दिवसाला किमान ९० मिग्रॅ, स्त्रियांना ७५. लोक मात्र ५०० ची चघळायची गोळी रोज घेतात. जादा क चे ऑक्झलेट होते, ते बाहेर टाकायचे काम मूत्रपिंडाचे, आणि दोन सत्रांच्या मध्ये ते साचतच राहते. मग कॅल्शियमशी जुळून सांध्यांत, रक्तवाहिन्यांत, हृदयातही खडे धरते. क आणि ब गटाची गोळी डायलिसिसच्या दिवशी सत्रानंतरच. आधी घेतली तर बरीचशी गटारात. दुकानातले साधे मल्टिव्हिटॅमिन नको, त्यातले अ जीवनसत्त्व साठत जाते. जस्तही महिनोन्‌महिने घेऊ नये, तांबे घटते आणि रक्तक्षय आणखी बिघडतो. मग सगळे दोष एरिथ्रोपोएटिनला (रक्त वाढवायच्या इंजेक्शनला) देतात!

आरओ_खोली
गोळीआधी डायलिसिसचे पाणी बघा, अशुद्ध पाण्यानेही ताण वाढतो. अतिशुद्ध डायलिसेटमध्ये (पडद्याच्या पलीकडून वाहणाऱ्या द्रवात) एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचे विष, मिलिलिटरला ०.०३ युनिटच्या खाली हवे, जिवाणू ०.१ सीएफयूच्या (वाढू शकणाऱ्या जिवाणूंच्या मोजणीच्या) खाली. नमुना आरओच्या (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी घेऊन भागत नाही. पाण्याच्या नळीच्या वळशाच्या शेवटच्या टोकाला आणि डायलिसिस यंत्रावरही घ्या, कारण जैवपटल (जिवाणूंचा चिकट थर) पाणी साचलेल्या नळीत धरते. फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याची रक्तचाचणी) न बघता शिरेतून लोह देत राहिलात, तर तुम्हीच ताण ओतताय.

मूत्रमित्र
पाणी आणि लोह, दोन्ही मान्य. तरी झटका येऊन गेलेला आणि वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) नसलेला रुग्ण असेल, तर डॉक्टरांनी ई चा विचार करावा असेच म्हणेन.

तिसरी_शिफ्ट
केडीओक्यूआयची तीच शिफारस ई सरसकट देऊ नका म्हणते. आणि वॉरफरिन नसले तरी बहुतेक सत्रांत हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) असते, त्यात ई ची भर पडली तर रक्तस्राव वाढू शकतो. द्यायचेच ठरले, तर सुई काढल्यावर फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडलेली रक्तवाहिनी) किती मिनिटे दाबावा लागतो ते गोळीआधी लिहून ठेवा, दोन आठवड्यांनी पुन्हा. वेळ वाढली तर गोळी थांबवायला सांगा.